पिठ्या ढेकूण मरतो, विषाणू वेलीतच राहतो

शंका-समाधान : पीक संरक्षण

या वेळच्या पत्रांत पिठ्या ढेकणाचा, म्हणजे सगळे ज्याला मिलीबग म्हणतात त्याचा, भरणा आहे. जवळपास प्रत्येकाने शेवटी ‘कोणते औषध मारू?’ असे विचारले आहे. पण काही पत्रांतली लक्षणे किडीची नाहीतच, ती किडीने आणलेल्या विषाणूची आहेत. तिथे औषधाच्या बाटलीचा उपयोग नाही. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात वाइनसाठी कॅबरने सॉव्हिन्यॉनची दोन एकर बाग आहे. मण्यांत रंग भरू लागला की बुडातली पाने लाल-जांभळी होतात, शिरा मात्र हिरव्याच राहतात. मॅग्नेशियम सल्फेटच्या दोन फवारण्या केल्या, फरक नाही. त्या वेलींचा माल उशिरा येतो आणि साखर भरत नाही. खोडावर मिलीबग आहे. नेमके काय आहे?

उत्तर : वर्णनावरून लीफरोल या विषाणूरोगाचा दाट संशय येतो. पण लाल पान म्हणजे लीफरोलच, असे धरून वेली उपटायला घेऊ नका. आधी सोपी कारणे बाद करा.

वेलीचा एकच ओलांडा (तारेवर आडवा नेलेला हात) किंवा एकच काडी लाल झाली असेल, तर त्या काडीच्या बुडाशी बघा. तार रुतलेली असते, खोडकिड्याचे भोक आणि भुसा असतो, नाहीतर काडी अर्धवट पिचलेली असते. तिथे अन्नरस अडतो आणि वरची पाने रंगतात. याचा विषाणूशी संबंध नाही.

पालाश कमी असेल तर पानाची कडा आधी करपते, आणि ज्या वेलीवर घड जास्त सोडलेत तिथे हे ठळक दिसते. मॅग्नेशियमच्या कमतरतेतही शिरा हिरव्या राहतात, म्हणून घोटाळा होतो. पण ती कमतरता जमिनीच्या पट्ट्याप्रमाणे येते. चुनखडीचा किंवा हलक्या मातीचा तुकडा असेल, तर त्यातल्या सगळ्याच वेली थोड्याफार सारख्या दिसतात. पान सपाट राहते. पानदेठ परीक्षणात आकडा खाली दिसतो.

लीफरोलमध्ये पानाची कडा खालच्या बाजूला वळते. पान हातात घेतले तर जाडसर, ठिसूळ लागते आणि मुठीत दाबले की मोडते. लाली बुडातल्या पानांपासून शेंड्याकडे चढत जाते. रोगट वेलीच्या अगदी शेजारी धडधाकट हिरवी वेल उभी असते, हे महत्त्वाचे. आणि गेल्या वर्षी जी वेल लाल होती ती या वर्षीही लाल होते, तिच्या ओळीतली पुढची एखादी नव्याने वाढते. म्हणून आता, पाने रंगलेली असतानाच, लाल वेलींच्या खोडाला रंगाचा पट्टा मारून ठेवा आणि ओळ-वेल क्रमांकाचा साधा नकाशा वहीत काढा. एप्रिलमधली खरड छाटणी झाली की कोणती वेल कोणती, हे कुणालाही सांगता येणार नाही.

खात्री प्रयोगशाळेतच होते. नमुना म्हणून शेंड्याची कोवळी पाने पाठवू नका, त्यांत विषाणू फार कमी असतो. वेलीच्या दोन्ही ओलांड्यांवरच्या बुडातल्या जुन्या पानांचे आठ-दहा देठ घ्या. विषाणू वेलीत सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, एकाच काडीचे देठ घेतले तर रोगट वेलही निरोगी म्हणून परत येते. देठ ओलसर कागदात गुंडाळून, पिशवीवर नाव टाकून, बर्फाच्या डब्यातून दोन दिवसांत पोहोचवा. तपासणी लीफरोल विषाणू १ आणि ३ या दोन्हींसाठी मागा. नमुना घेण्याआधी पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला किंवा आपल्या कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाला विचारून घ्या.

तपासणीत विषाणू निघाला, तर तो वेलीतून काढण्याचा उपाय नाही. त्यावर कोणतेही औषध, टॉनिक किंवा ‘व्हायरस क्लीनर’ नावाची बाटली चालत नाही. त्यावर पैसे घालू नका. लागण पाव बागेपेक्षा कमी असेल तर रोगट वेली काढून नव्या लावणे परवडते. त्याहून जास्त असेल तर सांधत बसण्यापेक्षा ती बाग टप्प्याने मोडलेली बरी. वेल काढताना नुसते खोड कापू नका. मुळ्या जिवंत राहतात, त्यांत विषाणू टिकतो आणि मुळांवर मिलीबग जगतो. नवी वेल त्याच खड्ड्यात लावली की पुन्हा तेच. मुळ्या खणून काढा, खुंटाचे धुमारे येऊ देऊ नका आणि तो खड्डा निदान एक हंगाम रिकामा ठेवा.

हे वाचून हबकून जाऊ नका. दक्षिण आफ्रिकेतल्या व्हर्गेलेगन या वाइन मळ्यात लाल वाणांच्या बागा २००२ मध्ये लीफरोलने पूर्ण ग्रासल्या होत्या. जुन्या बागा टप्प्याटप्प्याने मोडून तपासलेली रोपे लावली, मिलीबग आणि मुंग्या आवरल्या, आणि दर वर्षी पाने रंगली की लाल दिसेल ती वेल काढली. २०१२ पर्यंत तिथला रोग हजारात एका वेलीच्याही खाली आला. त्यांच्याकडेही वेगळे औषध नव्हते. दर वर्षी न चुकता वेल काढली, एवढेच.

प्रश्न : मिलीबग हा रोग नेमका कसा नेतो? एकही कीड दिसता कामा नये का?

उत्तर : विषाणू वेलीच्या अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांत असतो आणि मिलीबगची सोंड नेमकी तिथेच पोहोचते. रोग नेण्यात सगळ्यात पटाईत असते ते नुकते बाहेर पडलेले, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे रांगते पिल्लू. प्लॅनोकोकस फायकस या जातीवरच्या प्रयोगांत तासभर रस शोषला तरी पिल्लू विषाणू उचलते, पुढच्या वेलीवर तासाभरात सोडते आणि साधारण चार दिवसांत त्याच्याकडचा विषाणू संपतो. आईकडून अंड्यात तो जात नाही. म्हणजे पिल्लू जन्मतः निरोगी असते, रोगट वेलीवर जेवले तरच ते वाहक होते. बागेतल्या रोगट वेली काढल्या की उरलेला मिलीबग निदान या बाबतीत निरुपद्रवी होतो.

पिल्ले वाऱ्याने, मजुरांच्या कपड्यांनी, क्रेटने आणि ट्रॅक्टरने पसरतात. विरळणीची टोळी निरोगी प्लॉटपासून सुरू करून कीडग्रस्त प्लॉटला शेवटी न्या. एवढ्याने खर्च वाढत नाही.

बागेत कोणता मिलीबग आहे तेही बघा. भिंग हवे, दहापट पुरते. अंग गुलाबी, कडेला मेणाचे दाते नाहीत, चिरडल्यावर तांबडे पाणी निघते, तो गुलाबी मिलीबग, मॅकोनेलिकोकस हिरसुटस. आपल्याकडच्या द्राक्षात तोच जास्त. अंगाच्या कडेने मेणाच्या आखूड दात्यांच्या अठरा जोड्या आणि पाठीवर मधोमध पुसटशी रेघ असेल, तर तो प्लॅनोकोकस सिट्री. लीफरोल वाहून नेतो हे ज्यांच्याबद्दल सिद्ध आहे, त्यांत हा सिट्री मोडतो. पेरू आणि संत्र्यावरही तो असतो, त्यामुळे बांधाला पेरूची रांग असेल तर तीही तपासा.

प्रश्न : तासगाव भागात ऑगस्टमध्ये डॉगरीज खुंटावर द्राक्षाची कलमे भरायची आहेत. काड्या ओळखीच्या बागेतून आणणार. तिथे मिलीबग अजिबात नाही. मग धोका नाही ना?

उत्तर : आहे. बागेत मिलीबग आज नाही, पण विषाणू दहा वर्षांपूर्वी कलम काडीतून आलेला असू शकतो. आपल्याकडे या रोगाचा खरा प्रवास काडीतूनच होतो. थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका यांसारख्या पांढऱ्या वाणांत पाने लाल होत नाहीत. कडा किंचित वळते, शिरांमधला भाग पिवळसर होतो आणि लोक ते उन्हावर किंवा पाण्याच्या ताणावर ढकलतात. डॉगरीजसारख्या अमेरिकन खुंटावर बहुधा काहीच दिसत नाही. म्हणजे वरची काडी आणि खालचा खुंट दोन्हीही दिसायला ठणठणीत आणि आतून रोगट, असे होऊ शकते.

काड्या ज्या वेलींवरून घ्यायच्या त्या वेली फेब्रुवारी-मार्चमध्ये, माल काढणीला आलेला असताना निवडा. गोडी पूर्ण भरलेली, घड एकसारखे पिकलेले, पान सपाट, अशा वेलींनाच पट्टा मारा. त्यांतल्याही निदान मातृवेली तपासून घ्या. पाच-सहा वेलींच्या तपासणीचा खर्च बाग मोडण्याच्या खर्चापुढे काहीच नाही. ऑगस्टमध्ये हिरव्यागार बागेत जाऊन ‘चांगली दिसते’ म्हणून काडी तोडणे हा निव्वळ जुगार आहे.

काहींनी विचारले आहे, कात्रीने लीफरोल पसरतो का? नाही. वेलीचा रस लागून तो जात नाही. कात्री निर्जंतुक करणे जिवाणूजन्य रोगांसाठी गरजेचे आहे, ते चालू ठेवा. गरम पाण्याबद्दलही विचारणा आहे. पक्व, सुप्त काड्या ५१ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ५ मिनिटे बुडवल्या तर सालीखालचा मिलीबग मरतो. विषाणू त्याने मरत नाही. शिवाय आपल्याकडे काड्या पुरत्या सुप्त नसतात, तेव्हा आधी दहा-वीस काड्यांवर करून डोळे फुटतात का ते बघा.

प्रश्न : पलूस, बारामती आणि निफाडहून : दर वर्षी तीन-चार औषधे मारूनही जानेवारीत द्राक्षाच्या घडात मिलीबग आणि चिकटा (त्याचा गोड चिकट स्राव) येतोच. कुठे चुकते?

उत्तर : औषध बहुतेक वेळा चुकीच्या महिन्यात पडते. मिलीबग घडात दिसतो तेव्हा तो नव्याने आलेला नसतो. एप्रिलपासून तो सुटलेल्या सालीखाली, ओलांड्याच्या खाचेत, तारेला घासणाऱ्या जागी आणि जुन्या कापांच्या फटीत बसलेला असतो. एक मादी मेणाच्या कापसासारख्या पिशवीत शे-दीडशेपासून पाच-सहाशेपर्यंत अंडी घालते. उष्ण दिवसांत अंड्यापासून मादी व्हायला महिनाही लागत नाही. अंड्यांच्या पिशवीवर पाणी टाकून पाहा, थेंब घरंगळून जातो. औषधाचेही तेच होते.

म्हणून खरी लढाई खरड छाटणीनंतरच्या महिन्यात. सुटलेली साल हाताने किंवा बोथट साधनाने काढा, हिरव्या सालीला इजा होऊ देऊ नका. खाली पोते किंवा ताडपत्री अंथरा आणि निघालेली साल, छाटलेल्या काड्या बागेबाहेर नेऊन जाळा. बांधावर टाकल्या तर पिल्ले चालत परत येतात. मग खोड आणि ओलांडे फवारणीच्या गनने धुऊन काढा, वेलीमागे दीड ते दोन लिटर पाणी लागते. ब्लोअरने खोड भिजत नाही, तो पानांसाठी आहे. द्रावणात चांगले पसरणारे घटकद्रव्य मिसळा, नाहीतर मेणावर काही टिकणार नाही.

औषधात ब्युप्रोफेझिन २५ एससी १.२५ मिली प्रति लिटर हे पिल्लांसाठी चांगले. ते कात टाकण्याच्या क्रियेत अडथळा आणते, त्यामुळे मोठ्या माद्या त्याने मरत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी बागेत जाऊन ‘मेले नाहीत’ म्हणून दुसरे औषध मारण्यात अर्थ नाही. पंधरा दिवसांनी दुसरी धुलाई करा, तोवर पिशवीतली अंडी फुटलेली असतात. युरोपला माल जाणार असेल तर हे औषध ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर वापरू नका. तिकडे त्याच्या अवशेषांची मर्यादा अगदी खाली आणली आहे. कोणतेही औषध घेण्याआधी त्या हंगामाची मांजरीच्या केंद्राची शिफारस यादी बघा, ती दर वर्षी बदलते. जुन्या वह्यांतले डायक्लोरव्हॉस ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे, मिथोमिलवरही २०२३ च्या आदेशाने बंदी आली. दुकानदार शिल्लक बाटली काढून देत असेल तर घेऊ नका.

पायरेथ्रॉइड गटाची औषधे मारली की आठवडाभर बाग स्वच्छ दिसते आणि महिन्याभरात मिलीबग दुपटीने येतो. ती औषधे सालीखालच्या मिलीबगपर्यंत पोहोचत नाहीत, पण उघड्यावर फिरणारे परोपजीवी कीटक आणि मिलीबग खाणारे ढालकिडे मात्र साफ करतात.

दुसरी खिंड जुलै ते सप्टेंबर. हवेत दमटपणा असताना लेकॅनिसिलियम म्हणजे जुने व्हर्टिसिलियम लेकॅनी ४ ते ५ ग्रॅम प्रति लिटर, संध्याकाळी, खोडावर आणि ओलांड्यावर. ही जिवंत बुरशी आहे, बुरशीनाशकाच्या टाकीत ओतली तर गेलीच. पावसाळ्यात बुरशीनाशकांचा मारा चालू असतो, त्यामुळे मध्ये आठवडाभराची फट सापडली तरच हा खर्च करा, नाहीतर पैसे मातीत. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये क्रिप्टोलिमस माँट्रोझिएरी हे ढालकिडे हेक्टरी ५,०००, म्हणजे एकरी सुमारे २,०००, सोडता येतात. ते सोडायचे ते मिलीबग असलेल्या वेलींवरच, ऊन उतरल्यावर, मुंग्या आवरल्यानंतर. पुढचे तीन-चार आठवडे कडक कीटकनाशक बंद.

बांधावरची जास्वंद, अंबाडी, पेटारी आणि भेंडीचे उरलेले ताटवे काढा. गुलाबी मिलीबग उन्हाळा तिथेच काढतो. आणि नत्र हात राखून द्या. गर्द, लुसलुशीत कॅनोपीत मिलीबगला सावलीही मिळते आणि रसही.

घडात मिलीबग आल्यावर काय? खरे सांगायचे तर फार काही नाही. चिकटा धुवायला जोरात पाणी मारले तर मण्यांवरची लव जाते, औषध मारले तर अवशेष राहतात. असे घड वेगळे काढा, चांगल्या मालात मिसळू नका.

प्रश्न : मिलीबगच्या वसाहतीत मोठे, लांब पांढऱ्या झिपऱ्यांचे मिलीबग दिसतात, ते भराभर पळतात. ही नवी जात आहे का? औषधानेही लवकर मरतात.

उत्तर : ती मिलीबग नाही, ते वर सांगितलेल्या क्रिप्टोलिमस ढालकिड्याचे पिल्लू आहे. शेतकरी सर्वांत आधी त्यालाच मारतात, कारण ते मोठे दिसते. ओळख सोपी आहे : मिलीबग जागा सोडत नाही, सोडली तरी रेंगाळत जातो. हे पिल्लू बोट लावले की पळत सुटते. पूर्ण वाढलेले एक-सव्वा सेंटिमीटरपर्यंत जाते. काडीने उलटे करा, सहा ठसठशीत पाय आणि पुढे चावणारा जबडा दिसेल. मिलीबगला जबडा नसतो, सोंड असते. हा ढालकिडा १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला होता, कॉफीवरच्या खवले किडीसाठी. द्राक्षात तो नंतर उपयोगी पडला.

प्रश्न : रावेर तालुक्यात केळीला हरण्या आला होता. दुकानदार म्हणतो मिलीबगने आला, त्याचे औषध मारा. खरे का?

उत्तर : हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक. तो मावा पसरवतो, मिलीबग नाही. मावा तो काही सेकंदांत उचलतो आणि सेकंदांत टोचतो, त्यामुळे औषधाने मावा मरायच्या आत काम झालेले असते. तिथे कामाला येते ते म्हणजे रोगट झाड कंदासह लगेच काढणे आणि केळीत किंवा कडेला काकडी, कलिंगड, भोपळा न घेणे. हे वेल म्हणजे या विषाणूचे कोठार.

मिलीबग केळीत नेतो तो स्ट्रीक हा वेगळा विषाणू. दोन्हींत पानावर पिवळे पट्टे येतात म्हणून गफलत होते. स्ट्रीकचे पट्टे तुटक असतात, पुढे तपकिरी-काळे होऊन वाळतात, आणि मधूनच एखादे पान अगदी निरोगी येते. हरण्यात पट्टे शिरेपासून कडेपर्यंत जातात आणि थंड, पावसाळी हवेत पोग्याची (मधल्या कोवळ्या पानाच्या गुंडाळीची) कूज होते. केळीच्या ग्रँड नैन या वाणात स्ट्रीक आपोआप जागा होत नाही. ज्या केळींत रानकेळीचा ‘बी’ (B) नावाचा गुणसूत्रसंच आहे त्यांत काही वेळा हा विषाणू गुणसूत्रांत दडलेला असतो आणि ताण आला की उठतो. ग्रँड नैनमध्ये तो संच नाही, म्हणजे तिथे स्ट्रीक दिसला तर तो रोपातून किंवा मिलीबगने आलेला. रोपे घेताना केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या ऊतीसंवर्धित रोप प्रमाणीकरणाचे लेबल आणि विषाणू तपासणीचा दाखला मागा. ही व्यवस्था २००६ पासून आहे. बिलावर लॉट क्रमांक लिहून घ्या. नंतर तक्रार करायची झाली तर तोच कामाला येतो.

प्रश्न : सावंतवाडीजवळ सुपारीवर मिरवेली आहेत. काही वेलींची पाने बारीक, वाकडी, पिवळ्या ठिपक्यांची येतात, पेरे आखूड पडतात, घोसांत दाणे विरळ. वेल मरत नाही, पण काही देतही नाही. जस्त फवारले. देठांवर पांढरे किडे आणि मुंग्यांची रांग आहे.

उत्तर : जस्ताने नवी फूट सुधारली असेल तर प्रश्न मिटला. सुधारली नसेल तर हा पिवळ्या ठिपक्यांचा विषाणू, पायपर यलो मोटल. केळीतला स्ट्रीक, उसातला बॅसिलिफॉर्म आणि आफ्रिकेतल्या कोकोचा स्वोलन शूट हे त्याचेच भाऊबंद, आणि चारही मिलीबगवरून जातात. उन्हाळ्यात लक्षणे ठळक होतात, पावसाळ्यात नव्या पालवीत दबतात. म्हणून मे महिन्यात वेली बघून खुणा करा आणि जूनमध्ये छाट घेताना खूण नसलेल्या वेलीवरूनच घ्या. मिरीत हा रोग शेतातल्यापेक्षा रोपवाटिकेतून जास्त पसरतो. एका रोगट मातृवेलीच्या छाटांतून शंभर पिशव्या भरल्या जातात आणि त्या गावभर जातात.

रोगट वेल मुळासकट काढा. ‘देते तेवढे देऊ दे’ म्हणून ठेवू नका, ती शेजारच्या वेलींना देत असते. घानामध्ये कोकोवर स्वोलन शूट हा रोग १९३६ मध्ये ओळखला गेला, आणि पुढे सक्तीने झाडे तोडण्याची मोहीम चालली. कोट्यवधी झाडे गेली, कारण लक्षण दिसेपर्यंत शेजारची झाडेही लागलेली असत. म्हणून रोगट झाडाला टेकलेली झाडेही तिथे काढावी लागतात. तुमच्या दोन-चार वेली आहेत तोवरच हे स्वस्तात होईल.

मुंग्यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मिलीबगचा गोड चिकटा खायला मुंग्या येतात, मोबदल्यात ढालकिडे आणि परोपजीवी माश्यांना हाकलतात, आणि पिल्ले एका वेलीवरून दुसरीवर उचलून नेतात. हवाईतल्या अननसाच्या मळ्यांत मिलीबगमुळे येणारी मर आवरली गेली ती मुख्यतः मुंग्या आवरून. वारुळावर जहर ओतून काम होत नाही, वरच्या कामकरी मुंग्या मरतात, राणी खाली तशीच राहते. आमिष हळू काम करणारे हवे : एक लिटर कोमट पाण्यात २५० ग्रॅम साखर आणि ५ ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवा. कापसाचे बोळे भिजवून झाकणाला भोके पाडलेल्या डब्यात ठेवा आणि डबे मुंग्यांच्या वाटेवर, मुले आणि जनावरांच्या हाताबाहेर मांडा. बोरिकचे प्रमाण वाढवू नका. मुंग्या वाटेतच मरतात आणि वारुळात काही पोहोचत नाही. दोन-तीन दिवसांनी द्रावण बदला, पंधरा दिवस चालू ठेवा. सुपारीच्या खोडाला चिकट पट्टा लावायचा असेल तर आधी प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळा आणि चिकट पदार्थ तिच्यावर लावा, थेट सालीला नको. आणि वेलीची एखादी फांदी शेजारच्या झाडाला टेकत असेल तर ती छाटा, नाहीतर मुंग्या पट्ट्याला वळसा घालून वरूनच येतात.

प्रश्न : पुणे जिल्ह्यात पपईवर पिठ्या ढेकूण आहे आणि फळांवर गोल वलयेही आली आहेत. एकाच औषधाने दोन्ही जातील का?

उत्तर : दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. वलये रिंगस्पॉट विषाणूची, तो मावा आणतो. पपईवरचा मिलीबग, पॅराकोकस मार्जिनॅटस, हा २००८ मध्ये कोइमतूरला पहिल्यांदा दिसला. चिरडला तर पिवळे पाणी निघते, स्पिरिटमध्ये टाकला तर काळानिळा होतो. त्याच्यासाठी २०१० मध्ये पोर्टो रिकोतून ॲसेरोफॅगस पपाये ही चिमुकली परोपजीवी माशी आणून सोडली आणि ती स्थिरावली. वसाहतीत तपकिरी, फुगलेले, कडक झालेले, भोक पडलेले मिलीबग दिसत असतील तर माशी कामाला लागली आहे. मग कीटकनाशक मारू नका, पाण्याचा झोत पुरतो. रिंगस्पॉटची झाडे मात्र काढावीच लागतील.

प्रश्न : कोल्हापूरहून : उसाच्या पाचटाखाली पेऱ्यांवर गुलाबी किडे. विषाणू येईल का?

उत्तर : तो ऊस मिलीबग, उसातला बॅसिलिफॉर्म विषाणू नेऊ शकतो. उभ्या उसात त्याच्यासाठी फवारणी करू नका, औषध पाचटाखाली जातच नाही. पाचट सोडवा, किडे उघडे पडले की ऊन आणि ढालकिडे बघून घेतात. ज्या उसावर किडे आहेत त्याचे बेणे घेऊ नका. घ्यावेच लागले तर पाचट पूर्ण सोलून, डायमेथोएट ३० टक्के ३०० मिली १०० लिटर पाण्यात घेऊन टिपऱ्या १० ते १५ मिनिटे बुडवा, हातात मोजे घाला. यानेही किडे जातात, बेण्यातला विषाणू जात नाही. खोडव्यात लागण वाढत जाते, म्हणून अशा फडाचा दुसरा खोडवा ठेवू नका.

प्रश्न : ठाण्यात गच्चीवर जास्वंद, मिरची आणि एक द्राक्षवेल आहे. जास्वंदीवर कापूस आलाय. रासायनिक औषध नको.

उत्तर : जास्वंदीचे गुंडाळलेले, आखडलेले शेंडे आधी कापा आणि पिशवीत बांधून टाका. फांद्यांवरच्या वसाहती स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक पुसा. मग एक लिटर पाण्यात ५ मिली द्रव साबण घालून पानांच्या खालून, पेऱ्यांत, कुंडीच्या कडेखाली फवारा. कपडे धुण्याची पूड वापरू नका, पाने भाजतात. आधी दोन पानांवर करून एक दिवस थांबा. दोन तासांनी साध्या पाण्याने धुवा. दर सात दिवसांनी असे चार वेळा, मध्ये खंड पडू दिला तर पिशवीतली अंडी फुटून पुन्हा पहिल्यापासून. झाड कुंडीतून अलगद उपसून मुळेही बघा, तिथे पांढरी पूड असेल तर माती बदला आणि कुंडी उकळत्या पाण्याने धुवा. द्राक्षवेल जास्वंदीपासून हातभर तरी दूर हलवा आणि दोघींच्या फांद्या एकमेकींना लागू देऊ नका.